आदिवासींच्या नावावर सोडलेला धूर

परवा कळंबला धाकट्या बहिणीकडे वास्तुशांत होती. जेवणे उरकल्यावर आम्ही म्हातारी मंडळी व्हरांड्यात पानसुपारी घेऊन बसलो होतो. बहिणीचा मुलगा विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्रात अभियंता आहे. गुणी मुलगा. विषय लाइट बिलावर आला, तशी मी सहज विचारले, "काय रे, तुमच्या चिमण्यांना गंधक काढायचं यंत्र बसणार होतं ना, त्याचं काय झालं?"

तो हसला. "मावशी, सुटलो एकदाचे! बहुतेकांना माफी मिळाली. आणि बरंच झालं. यंत्र बसवलं की वीज महाग. वीज महाग झाली की केंद्र बंद, मग खाण बंद. आणि मरणार कोण? आमच्याकडचा गरीब आदिवासी. पर्यावरणवाल्यांना त्याचं काय पडलंय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसले. शुभकार्याच्या घरी वाद नको. पण छत्तीस वर्षे मुलांना शिकवले आहे. फळ्यावर चुकीचे उत्तर तसेच राहिले की मला रात्री झोप लागत नाही. म्हणून ते उत्तर आज इथे दुरुस्त करते. सूनबाई हे वाचते आणि नवऱ्यालाही वाचून दाखवते, हे मला ठाऊक आहे. तेव्हा बाळा, नीट ऐक.

आधी ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. दगडी कोळसा जळतो तेव्हा राखेबरोबर गंधकाचा वायूही चिमणीतून बाहेर पडतो. राख अडवायला यंत्रे पूर्वीपासून आहेत. हा वायू अडवायला वेगळे यंत्र लागते. त्याला एफजीडी म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्यात चुनखडीचे पाणी फवारतात, वायू त्यात शोषला जातो आणि खाली जिप्सम उरते. हे जिप्सम सिमेंटच्या कारखान्यांना चालते. वायू अडवला नाही तर हवेत त्याचे बारीक कण बनतात. ते वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात आणि छातीत खोल उतरतात.

केंद्र सरकारने 7 डिसेंबर 2015 ला अधिसूचना काढली. 500 मेगावॅट आणि त्याहून मोठ्या जुन्या संचांच्या धुरात हा वायू घनमीटरला 200 मिलिग्रॅमच्या वर नको, लहान संचांना 600 चालेल. मुदत दोन वर्षे. ती संपली तेव्हा 2022 पर्यंत वाढवून दिली. 2021 मध्ये केंद्रांचे अ, ब, क असे वर्ग पाडून पुन्हा वाढ. 2022 मध्ये आणखी वाढ. 2024 च्या डिसेंबरात आणखी तीन वर्षे. आणि जुलै 2025 मध्ये 'क' वर्गाला, म्हणजे देशातल्या सुमारे 78 टक्के संचांना, चिमणीच्या उंचीचा नियम पाळण्याच्या अटीवर या यंत्रातून सूटच! 'ब' वर्गाचे एकेक प्रकरण पाहून ठरवायचे. सक्ती राहिली ती फक्त मोठ्या शहरांजवळच्या 'अ' वर्गाला, तीही 2027 च्या डिसेंबरअखेर.

गृहपाठ न करणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. पण चार वेळा मुदत वाढवून द्यायची आणि पाचव्या वेळी "जाऊ दे, तुला गृहपाठच माफ" म्हणायचे, असे मी तरी कधी केले नाही. ज्यांनी खर्च करून यंत्रे बसवली, त्या केंद्रांना काय वाटले असेल?

आता भाच्याचे म्हणणे. तो काही अडाणी नाही, त्यामुळे त्याचे मुद्दे टाळून चालणार नाही. आपल्या कोळशात गंधक कमी असते, हे खरे. पण कोळसा जळतो किती, तेही पाहायला नको का? दुधात चमचाभरच पाणी घातले म्हणणाऱ्या गवळ्याला आपण विचारतोच, बाबा, चमचाभर लिटरमागे की वाटीमागे?

यंत्राला पाणी लागते, हेही खरे. आम्ही मराठवाड्यातली माणसे, पाण्याचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. पण पाणी कमी लागणाऱ्या कोरड्या पद्धतीही आहेत. समुद्रकाठी तर समुद्राच्याच पाण्याने काम होते. त्याकडे पुढे येतेच.

राहिला खर्च. युनिटमागे 25 ते 30 पैसे वाढतील, असा हिशेब वर्तमानपत्रांत येत होता. आमच्या घरी महिन्याला साधारण 110 युनिट जळतात. 110 गुणिले 30 पैसे, म्हणजे 33 रुपये. स्टँडवर आम्ही दोघे चहा आणि एक प्लेट भजी घेतो, तेवढ्यात यापेक्षा जास्त जातात. एवढ्यासाठी केंद्रे बंद पडतील आणि आदिवासी देशोधडीला लागेल?

आणि नेमका हा आदिवासी इथे आला कुठून, हाच माझा खरा प्रश्न आहे. दहा वर्षे नियमाला विरोध झाला तो खर्चाच्या नावाने, कोळशाच्या प्रतीच्या नावाने, यंत्रसामग्री मिळत नाही या नावाने. यातले काही पटेनासे झाले की शेवटी आदिवासी पुढे करायचा. त्याला न विचारता.

चंद्रपूरचेच पाहा. गोंड राजांची ती राजधानी. महाजनकोचे सर्वात मोठे, 2920 मेगावॅटचे केंद्र तिथे आहे. 2005 च्या सुमारास आमच्याकडे दिवसाला दहा-बारा तास भारनियमन असायचे. मुले कंदिलावर दहावीचा अभ्यास करायची. तेव्हा लाइट आली की आम्ही टाळ्या वाजवायचो. तिच्यातली काही त्याच चंद्रपूरच्या धुरातून येत असणार, हे कुणाच्या मनातही यायचे नाही. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, त्यात चंद्रपूरचा नंबर चौथा लागला. असा नंबर कुणाला हवा असतो?

तिथल्या गोंडांना आणि कोलामांना कोळशातून काय मिळाले? कोळशाची जमीन घ्यायला 1957 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात गावाची संमती लागत नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्यातला मोबदला पुढे या जमिनींनाही लागू झाला, पण संमतीची अट काही लागू झाली नाही. म्हणजे किंमत वाढवून मिळाली, 'नाही' म्हणायची सोय मिळाली नाही.

2011 मध्ये खाणींसाठी एक नवे विधेयक आले होते. कोळसा कंपन्यांनी नफ्याचा 26 टक्के वाटा खाणीजवळच्या लोकांसाठी द्यावा, असे त्यात होते. मंत्रिमंडळाने ते मंजूर केले, पण संसदेत ते पार झाले नाही आणि 2014 मध्ये लोकसभेबरोबर निकालात निघाले. 2015 च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. त्यात जुन्या खाणपट्ट्यांकडून रॉयल्टीच्या 30 टक्क्यांइतकी आणि लिलावातल्या नव्या पट्ट्यांकडून 10 टक्क्यांइतकी रक्कम जमा होते. काहीच नसण्यापेक्षा हे बरे. पण नफ्यातला वाटा मागणारा माणूस हक्काचा भागीदार असतो आणि प्रतिष्ठानाच्या दारात उभा राहणारा अर्जदार. हा फरक मला व्याकरणातल्या कर्त्या-कर्माइतका मोठा वाटतो.

माझ्या भाच्याला मी विचारते. 26 टक्क्यांचे ते विधेयक मेले, तेव्हा तुमच्यापैकी कुणी आदिवासींच्या पोटासाठी एक ओळ तरी लिहिली होती का? तुझ्या केंद्रात कायम नोकरीत आदिवासी किती, कंत्राटावर किती? हे आकडे मला पाठव. मी ते इथेच, जसेच्या तसे छापीन.

आता डहाणूकडे या. मुद्दाम लांब नेते आहे, कारण आपल्याच राज्यातले हे उदाहरण जणू कुणाला आठवतच नाही.

डहाणू तालुक्यात दर तिघांत दोन माणसे आदिवासी, त्यांत वारली पुष्कळ. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचले आहे, त्यांना त्या भागातली वेठबिगारी आणि 1945 चा वारल्यांचा लढा माहीत आहे. त्याच तालुक्यात समुद्रकाठी 500 मेगावॅटचे वीज केंद्र आले, मुंबईच्या उपनगरांना वीज द्यायला. 1989 च्या पर्यावरण मंजुरीतच गंधक काढणारे यंत्र बसवण्याची अट होती. चिकूच्या बागा, भाताची खाचरे, मासेमारी यांना धुराचा धोका आहे म्हणून स्थानिक लोक न्यायालयात गेले. 1991 मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण बसले. त्याने 1999 मध्ये यंत्र बसवायला सांगितले. तरी टाळाटाळ चालूच राहिली. शेवटी 2005 मध्ये प्राधिकरणाने 300 कोटींची बँक हमी मागितली, तेव्हा कुठे काम हलले. 2007 मध्ये यंत्र सुरू झाले, समुद्राच्या पाण्यावर चालणारे.

1989 ते 2007. अठरा वर्षे! मंजुरीच्या वर्षी जन्मलेले मूल मतदार होईपर्यंत एक अट पाळली गेली नाही.

पण मंडळी, त्यानंतर काय झाले? केंद्र बंद पडले का? नाही. मालक बदलले, केंद्र चालू राहिले. मुंबईत अंधार झाला का? नाही. चिकूचे काय झाले? 2016 मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या बागांत राबणारे हात बहुतांशी आदिवासींचेच आहेत. चिकूची फुले गळाली तर आधी मजुराची हजेरी बुडते, बागाईतदार मागाहून. तेव्हा चिमणीवरचे यंत्र हे आदिवासींच्या पोटाच्या आड येत नाही. तिथे तर ते पोटाच्या बाजूने उभे राहिले.

मी काही डहाणूचे गुलाबी चित्र काढत नाही. मी 2009 मध्ये एका मैत्रिणीकडे बोर्डीला आठ दिवस राहिले होते. स्टेशनवर पहाटे बोचकी आणि लहान मुले घेऊन वीटभट्ट्यांवर निघालेली वारली कुटुंबे पाहिली. हवा राखली गेली म्हणून घरात धान्य आले, असे झालेले नाही. गंधक अडवणारे यंत्र गरिबी अडवत नाही. पण म्हणून यंत्रच नको, हे कुठले तर्कशास्त्र? मुलाला पुस्तक दिले तरी तो उपाशीच आहे, म्हणून पुस्तक काढून घ्या, असे कुणी म्हणेल का? त्याला पुस्तकही द्या आणि भाकरीही द्या.

अमेरिकेतही हाच वाद झाला होता. माझी मुलगी तिकडे असते, तिने मला हे समजावून सांगितले. ॲरिझोना राज्यात नवाहो आदिवासींच्या जमिनीवर 2250 मेगावॅटचे केंद्र होते. कोळसा नवाहो आणि होपी या दोन जमातींच्या भूमीतून यायचा. होपींच्या सरकारी तिजोरीचा मोठा भाग त्या कोळशावरच भरायचा. 2014 मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने धुराचा नियम कडक केला, तेव्हा हेच ओरडले गेले, आदिवासी बुडणार! तो नियम ठरवताना नवाहोंचे प्रतिनिधी चर्चेला होते आणि बरीच वर्षे सवलतीची दिलेली होती. केंद्र 2019 मध्ये बंद पडले खरे. पण का? नैसर्गिक वायूची वीज स्वस्त झाली आणि 2017 मध्ये मालकांनीच बंद करायचे ठरवले. बाजारभाव बदलला तशी मंडळी निघून गेली. नवाहोंच्या हजारो घरांत वीज नव्हती, आणि त्यांच्या डोक्यावरून तारा मात्र दुसऱ्या शहरांकडे गेल्या होत्या.

इतक्या लांब तरी कशाला जायचे? आपली परळी. 2013 च्या दुष्काळात परळीचे केंद्र बंद पडले ते पाणी नव्हते म्हणून. 2015 मध्ये पुन्हा तेच. कंत्राटी कामगार घरी बसले, चहाच्या टपऱ्या ओस पडल्या. त्या वेळी कुठल्या पर्यावरणवाल्याने परळी बंद पाडली होती? गरिबांचे काम कशाने जाते, तर दुष्काळाने जाते, भाव पडल्याने जाते, यंत्रे जुनी झाल्याने जाते, कंत्राट संपल्याने जाते. तेव्हा त्याच्या मदतीला कुणी धावत नाही. धूर रोखायची वेळ आली की मात्र सगळ्यांना त्याची आठवण होते.

भाच्याच्या एका मुद्द्यापुढे मात्र मी अडले, आणि तो त्याने मांडलाही नव्हता. यंत्राला चुनखडी लागणार. चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडी आहे कुठे? कोरपना, राजुरा, जिवतीच्या पट्ट्यात. तिथे आधीच सिमेंट कारखान्यांच्या खाणी आहेत आणि तिथेच कोलामांची वस्ती. कोलाम म्हणजे महाराष्ट्रातल्या तीन अतिदुर्बल जमातींपैकी एक. शहराची हवा धुवायला कोलामाचे शेत खणायचे असेल, तर तेही मला मान्य नाही. इथे खरा पेच आहे. आणि तो पेच तुम्ही-आम्ही, व्हरांड्यात पान चघळत सोडवायचा नाही. ग्रामसभेला विचारायचे. तिचे उत्तर 'नाही' असले तर दुसरीकडून चुनखडी आणायची, दुसरी पद्धत वापरायची, आणि वाढलेला खर्च आपल्या बिलात घ्यायचा.

ग्रामसभेला काय कळते, असे म्हणणाऱ्यांनी त्याच चंद्रपूर जिल्ह्यातले गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव पाहावे. 2012 मध्ये वनहक्क कायद्याखाली गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. गाव स्वतः बांबू तोडते, विकते, हिशेब ठेवते. तेंदूपत्त्यासाठी झाडे छाटतात, जंगलाला आगी लागतात, म्हणून त्यांनी तेंदूपत्ता तोडणे स्वतःहून बंद केले. हातात येणारा पैसा सोडला! पोट आणि पर्यावरण यांचा मेळ कसा घालायचा, हे त्यांना आपण शिकवायची गरज नाही. त्यांच्या हातात निर्णय दिला की ते घालतात.

आता माझे स्वतःचे. दुसऱ्यांना उपदेश करताना आपले ताट झाकून ठेवणे मला जमत नाही.

बालाघाटच्या पठारावर आमच्या सासरचा एक माळ आहे. खडकाळ, कुसळांशिवाय काही न पिकणारा. त्यावर आता एक पवनचक्की फिरते. कंपनीने सातबारा पाहिला, आमच्या घरी आली, बोलणी केली, करार झाला. वर्षाचे भाडे वेळेवर येते. धूर नाही, राख नाही. मी खुश होते.

त्या माळाला लागून एक पारधी पिढी आहे. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे पारध्यांच्या वस्तीला पिढी म्हणतात. आपल्या धाराशिव जिल्ह्यात अनुसूचित जमाती जेमतेम दोन टक्के, त्यांत हे पारधी. त्या पिढीवरचा एक मुलगा माझ्या वर्गात होता. गणितात फार हुशार. आज तो चाळिशीत आहे. गेल्या दिवाळीत भेटला. पाया पडला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या माळावर आमची शेरडं चरायची. आता रस्ता झाला, तारेचं कुंपण झालं. आम्हाला कुणी विचारलं नाही."

मी काय उत्तर देणार? कंपनीने विचारायचे राहिले, हे खरे. पण मी तरी कुठे विचारले होते? माझ्याकडे सातबारा होता म्हणून मला विचारले, मला भाडे मिळाले. त्याच्या तीन पिढ्या त्या माळावर गेल्या, पण त्याच्याकडे कागद नव्हता. त्याच्या वस्तीवरच्या अर्ध्या घरांत अजून मीटर नाही आणि डोक्यावर पवनचक्की फिरते. नवाहोंची गोष्ट ऐकून मला लांबचे वाईट वाटले होते. ती माझ्याच बांधावर घडत होती.

त्या दिवसापासून भाड्यातला चौथा हिस्सा पिढीवरच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांना आणि मीटरच्या अर्जांना जातो. हे मोठेपणासाठी लिहीत नाही. चौथा हिस्सा का, तर 26 टक्क्यांचे ते विधेयक डोक्यात होते म्हणून. मी दिले तरी ते दानच झाले. कायद्याने द्यावे लागले असते, तर तो त्याचा हक्क झाला असता. आणि तो मुलगा मान खाली घालून नाही, समोर बसून बोलला असता.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. चंद्रपूरसारख्या 'ब' वर्गातल्या जागी यंत्र बसलेच पाहिजे. प्रकरणे पाहण्यात आणखी दहा वर्षे घालवू नयेत. त्याचा खर्च आमच्या बिलात वेगळ्या ओळीत दाखवा, मी 33 रुपये भरायला तयार आहे. आणि आदिवासींच्या पोटाची काळजी ज्यांना खरोखर वाटते, त्यांनी नफ्यातला वाटा, संमतीचा अधिकार आणि कायम नोकरी या तीन गोष्टी मागाव्यात. चिमणीला सूट मागू नये. चिमणीला मिळालेली सूट आजवर कुठल्या आदिवासीच्या ताटात पडली, ते दाखवा, मी माझे शब्द मागे घेईन.

बाळा, रागावू नकोस. तू कष्टाने शिकलास, तुझ्या केंद्राच्या विजेवरच मी हे लिहिते आहे. पुढच्या खेपेला येशील तेव्हा ते आकडे कागदावर आण. पुरणपोळी माझ्याकडे. आणि जेवण झाले की तुला पिढीवर घेऊन जाईन. आदिवासींविषयी बोलायचेच असेल, तर या वेळी त्यांच्यासमोर बोलू.